ॲसिटोन, भागिले दहा

आमच्या घरात माझ्या बोलण्याला एक सरकारी नियम लागू होता. मी काहीही सांगितलं की बाबा भाकरीचा तुकडा मोडता मोडता, मान वर न करता म्हणायचे, "भागिले दहा." ते केंद्रातल्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि त्यांच्या टेबलावर राज्याराज्यांतून अहवाल येत: इतक्या विहिरी खणल्या, इतकी झाडं लावली. त्या सगळ्या विहिरी खऱ्या असत्या तर देशाची चाळणी झाली असती, असं ते म्हणत. तिथे लागलेली भागाकाराची सवय त्यांनी घरी आणून माझ्यावर वापरली. मी म्हणालो बसस्टॉपवर शंभर माणसं होती, की ताई तिथल्या तिथे निकाल द्यायची: दहा. एकदा मी सांगितलं की कॉलेजात एक मुलगी माझ्याकडे बघून हसली. ताई म्हणाली, "भागिले दहा म्हणजे नुसती भुवई हलली असेल." आई तेवढी माझ्या बाजूची होती, पण तीही पाचाने भागायची.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जाळी लावलेला व्हरांडा. समोर कडुनिंब आणि त्याखाली कुणाची तरी कायमची पंक्चर झालेली स्कूटर. एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसायचा. ओल्या वाळ्याचा वास आणि विमान उडाल्यासारखा आवाज यांत आम्ही पावसाळ्यापर्यंत ओरडून बोलायचो. माझा आवाज मोठा आहे तो तिथे घडलेला आहे, जन्मजात नाही. आई नागपूरहून येताना भिवापुरी मिरची आणि सांडगे पोत्याने आणायची. बरं, पिशवीने. रविवारी मटण व्हायचं, आणि मसाला भाजायला घेतला की वरच्या मजल्यावरचे बिष्ट अंकल काहीतरी निमित्त काढून खाली यायचे. हे मूळचे गढवालचे, पोस्टातले, एकटे राहणारे, मनाने फार मोठे. ते मला भागायचे नाहीत, उलट गुणायचे. मी एक सांगितलं की ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात दहा सांगत. मला 'वैज्ञानिक' म्हणणारा त्या अख्ख्या कॉलनीत हा एकच माणूस होता आणि मी त्याच्यावर जीव टाकत होतो.

मी वैज्ञानिक झालो तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, ॲसिटोनमुळे. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली की आमचे सर त्यांत दोन चमचे ॲसिटोन फिरवायचे आणि भांडं बघता बघता कोरडं व्हायचं. दिसायला पाणी, वास नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा, कारण त्या बाटलीत बहुतेक तेच असतं. पाण्यातही मिसळतं, तेलातही मिसळतं. दिल्लीत राहूनसुद्धा इतकं सर्वपक्षीय दुसरं काही मी पाहिलं नव्हतं. तळहातावर थेंब घेतला तर बर्फासारखा गार लागतो आणि फुंकर मारायच्या आत उडून जातो. जाताना कातडीतलं तेल घेऊन जातो, मागे राख फासल्यासारखी पांढरी त्वचा ठेवतो. सर म्हणायचे, "बाटलीत दिसतं त्याची भीती नाही, बाटलीबाहेर न दिसणारं असतं त्याची आहे." त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, मांजरीसारखी जमिनीलगत चालत जाते. कुठे ज्योत किंवा ठिणगी भेटली की पेटते, आणि तो जाळ आल्या वाटेने बाटलीपर्यंत परत येतो. हे मी वहीत लिहून घेतलं आणि विसरलो, कारण त्यात माझी करामत दाखवायला जागा नव्हती.

जुन्या दिल्लीतल्या तिलक बाजारातून मी अर्ध्या लिटरची काचेची बाटली आणली आणि व्हरांड्यात दुकान मांडलं. ताईच्या नखांचं जुनं पॉलिश, बाबांच्या शर्टाच्या खिशावरची बॉलपेनची शाई, बरण्यांवरच्या लेबलांचा डिंक, सगळं निघालं. आईच्या एका चकचकीत नकली रेशमाच्या ब्लाउजवरचा डाग काढायला गेलो तर डागासकट ब्लाउजच निघाला, म्हणजे तिथे रुपयाएवढं भोक पडलं. मी म्हटलं, "बघ, डाग राहिलाय का?" त्या दिवशी मला जेवायला उशिरा मिळालं. पण बाकीच्यांना मी काय सांगत होतो ते ऐका: जगात अशी वस्तू नाही जी यात विरघळत नाही, माणूस यात पोहायला उतरला तर पलीकडच्या काठावर फक्त पट्ट्याचं बक्कल पोचेल. आणि बाटली काचेची असल्यामुळे वाचली आहे, नाहीतर ती स्वतःच स्वतःत विरघळली असती. घरात सगळ्यांनी दहाने भागलं. बिष्ट अंकलनी गुणलं.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या सजावटीचं काम मी मागून घेतलं. कॉलनीतली आमची माणसं बारातघरात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, कार्यक्रम करायची. त्यात बाबांचं भाषण ठरलेलं, पंधरा पानी, स्वतःच्या अक्षरात. माझ्याकडे दीक्षाभूमीच्या घुमटाची प्रतिकृती करायचं काम आलं. चार संध्याकाळी बसून मी थर्माकोल कापला, रचला, घासला. कमरेएवढा घुमट झाला. (दिल्लीतल्याच द्वारकेच्या या आठव्या मजल्यावर माझी नात हे वाचून विचारेल, "आजोबा, कमर कुणाची?" गुडघा म्हण, बाई.) पांढरा ऑइलपेंट घट्ट होता. मी तो ॲसिटोनने पातळ केला आणि डास मारायच्या फ्लिटच्या पंपात भरून घुमटावर मारला. बाबा शेजारी कौतुकाने वाकून बघत होते. घुमट आधी फसफसला, मग खाली बसला, मग गायब झाला. उरला तो जमिनीवरचा चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा पांढरा लगदा. थर्माकोल म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त हवा. ॲसिटोनने ती मोकळी केली, एवढंच.

बाबांनी चपलेच्या टोकाने लगदा ढकलून पाहिला. मग म्हणाले, "याला मात्र भागायची गरज नाही." आणि चष्मा काढून पुसू लागले, कारण फवारा त्यांच्या चष्म्यावरही उडाला होता.

इथे माझी खरी चूक सुरू होते. लाजेने म्हणा, मी तो चष्मा त्यांच्या हातातून घेतला आणि रंग काढायला ॲसिटोनचा बोळा फिरवला. काचा स्वच्छ झाल्या. फ्रेम आधी धुरकट झाली, मग बोटाला चिकटू लागली, मग डाव्या बाजूची काडी बिजागरापाशी मऊ होऊन निसटली. ती फ्रेम ज्या प्लॅस्टिकची होती त्याला ॲसिटोन म्हणजे गुळाला पाणी. चष्म्याशिवाय बाबांना हाताच्या अंतरावरचं अक्षर दिसत नसे, आणि भाषण आठ दिवसांवर होतं. डाव्या डोळ्यात काचबिंदू उशिरा सापडला होता, त्यात आता फक्त सावल्या उरल्या होत्या. दिवसभराच्या फायली वाचायचा तो उजवा. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब दिले होते, ती पांढरी बाटली आई फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवायची.

चष्मा जोडायला मी सरोजिनी नगरातून झटपट चिकटणारा गोंद आणला. छोटी ट्यूब आणली असती तर मी मी कसला? मी मेकॅनिक वापरतात ती मोठी बाटली आणली: पांढरी, टोकदार नळीची. दुकानदार म्हणाला, "फ्रिज में रखना, नहीं तो जम जाएगा." काडी जोडली, वाकडी बसली, परत तुटली. त्या खटपटीत मदतीला आलेल्या बिष्ट अंकलची दोन बोटं एकमेकांना चिकटली. मी ऐटीत ॲसिटोनचा बोळा लावला, आणि पाच मिनिटांत बोटं सुटली. अंकल बोटांकडे असे बघत होते जणू ती नव्याने उगवली आहेत. त्यांनी विचारलं, "बेटा, ये नुकसान तो नहीं करता?" आणि मी, स्तुतीने फुगलेला, म्हणालो, "अंकल, इतना शुद्ध है, आँख में भी डाल दो तो कुछ नहीं होगा." मग गोंदाची बाटली फ्रिजच्या दारात ठेवली. अंड्यांच्या वरच्या कप्प्यात. तिथेच रिकामी जागा होती.

दुसऱ्या दिवशी रविवार, कूलर पाणी भरायला बंद केलेला. सकाळी अकराच्या सुमारास आई स्वयंपाकघरात, मटण मंद गॅसवर, ताई कांदा चिरत होती, मी व्हरांड्यात नवा थर्माकोल कापत होतो. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग बाबांचा आवाज आला. त्या माणसाला मी आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "अगं, हे काय झालं."

मी आत गेलो तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते. उजवा डोळा मिटलेला. पापण्या ओल्या, चकचकीत, आणि घट्ट बंद. हातात पांढरी बाटली. चष्मा टेबलावर, एका काडीचा. त्यांनी डावा, सावल्यांचा डोळा माझ्या दिशेने केला आणि बाटली पुढे धरली.

"हे थेंबच आहेत ना, मिलिंद?"

मी बाटली ओळखली. आई माझ्या तोंडाकडे बघूनच समजली. "अहो, चोळू नका," म्हणत तिने त्यांचा हात धरला. ताई सुरी हातात घेऊनच धावत आली, तिने बाटलीवरचं नाव वाचलं. आमचा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, किंवा मटणाचा वास वर पोचला असावा. बिष्ट अंकल दारात उभे. काय झालं ते ताईने दोन वाक्यांत सांगितलं. अंकलचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"अरे, तो घबराना क्या? वैज्ञानिक घर में है. मेरी उँगलियाँ खोली थीं, साहब की आँख भी खोल देगा."

ते थेट व्हरांड्यात गेले आणि एका हातात बाटली, दुसऱ्या हातात कापसाचा भिजवलेला बोळा घेऊन आले. बाटलीला बूच नव्हतं.

"नहीं अंकल," मी म्हणालो.

"क्या नहीं? कल तूने ही कहा था, आँख में भी चलता है."

"झूठ कहा था."

"डर गया है बच्चा," ते आईला म्हणाले आणि पुढे झाले. मी बाटली धरली, त्यांनीही सोडली नाही. ती आमच्या दोघांच्या मधून निसटली आणि मोझॅकच्या फरशीवर, स्वयंपाकघराच्या दारापासून दोन हातांवर फुटली.

वास डोक्यात शिरला. फरशीवरचं ओलं माझ्या डोळ्यांसमोर आकसत होतं, म्हणजे हवेत चाललं होतं, आणि तेव्हा मला वहीतलं ते वाक्य आठवलं, अगदी माझ्या घाणेरड्या अक्षरासकट. मांजर निघाली होती. आतल्या ओट्यावर मटणाखाली निळी ज्योत होती. ओटा उंच होता, तेवढाच काय तो वेळ हातात होता. फ्रिज मात्र जमिनीवर होता, आणि तो दर थोड्या वेळाने टक् करून आपोआप सुरू व्हायचा. त्या टक्‌मध्ये ठिणगी असते.

"ताई, गॅस बंद कर. आधी गॅस. आई, बाबांना बाहेर ने."

"पण मटण..."

"आई, बाहेर."

बिष्ट अंकल नाकाला रुमाल लावून भिंतीकडे वळले. "इतनी बदबू, पंखा चला देता हूँ." त्यांचं बोट बटणावर टेकलेलं मी पाहिलं. मी त्यांचा हात असा खाली ओढला की ते माझ्या अंगावर आले. "स्विच को हाथ मत लगाना. कोई भी नहीं." माझ्या आवाजात काहीतरी असावं. ते बाबांचा दुसरा दंड धरून बाहेर निघाले, बोळा तसाच मुठीत. ताईने गॅस बंद केला, मी खिडक्या आणि मागचं दार उघडलं, फ्रिजकडे बघत, पाठ न वळवता. आमचा फ्रिज सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे बाहेर होतो. घर उडालं नाही. एरवी गोष्टीत मी ते उडवलं असतं, निदान स्वयंपाकघरापुरतं. पण या प्रकरणात उडवत नाही.

कडुनिंबाखाली त्या पंक्चर स्कूटरच्या सीटवर बाबांना बसवलं. अंगणातल्या नळाखाली आईने पदर भिजवून डोळ्यावर धरला. एप्रिलात टाकीचं पाणी आपोआप कोमट असतं. मी गोंदाच्या बाटलीवर वाचलेलं आठवत होतो, बारीक अक्षरांतलं: ओढू नका, भरपूर पाणी, डॉक्टर. बिष्ट अंकल अजून तिथेच. आता त्यांच्या आवाजातला उत्साह गेला होता, काकुळती आली होती. "मेश्राम साहब, जितनी देर करोगे उतना पक्का होगा. एक बार लगाने दो. मैंने खुद देखा है."

आई माझ्याकडे बघू लागली. तीही डगमगली होती, मला दिसलं. तिच्यासमोर दोन माणसं होती: एक, ज्याची बोटं खरंच सुटली होती; आणि दुसरा, मी.

"बाबा," मी म्हणालो, "ते डोळ्यात गेलं तर बुबुळावरचा पडदा भाजेल. गोंद काय, चार दिवसांत आपोआप सुटेल. भाजलेलं नाही सुटणार. हाच डोळा आहे तुमचा."

बाबांनी मान थोडी तिरकी केली, फाइल वाचताना करत तशी. दिसत काहीच नव्हतं त्यांना. ते फक्त ऐकत होते.

"भागिले दहा?" त्यांनी विचारलं.

चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच आकडा हवा होता. आणि मला कळलं की एकोणीस वर्षांत मी त्यांना असं एकही वाक्य दिलं नव्हतं जे जसंच्या तसं वापरता येईल.

"भागू नका, बाबा," मी म्हणालो.

मग हात पुढे करून त्यांनी बिष्ट अंकलचं मनगट चाचपून धरलं आणि बाजूला सारलं, अगदी हळू. "रहने दीजिए बिष्ट जी. पानी." अंकलने मूठ उघडून बोळ्याकडे पाहिलं. तो केव्हाच कोरडा ठणठणीत झाला होता. आम्ही वाद घालत होतो तोवर ॲसिटोन आपल्या वाटेने निघून गेलं होतं.

रिंग रोडपलीकडच्या मोठ्या इस्पितळात आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत मी एकही गोष्ट सांगितली नाही. ताई म्हणते, तिला खरी भीती तेव्हा वाटली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुछ डाला तो नहीं? थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूवर?" मी म्हणालो, फक्त पाणी. त्या म्हणाल्या, "अच्छा किया," आणि बारीक कात्रीने पापण्यांचे केस कापायला लागल्या. मलम दिलं, पट्टी बांधली, म्हणाल्या, पापण्या सुटू द्या, मग आत काय झालंय ते बघू. आत काय झालंय. हे शब्द घेऊन आम्ही घरी आलो.

पुढचे चार दिवस बाबा सावल्यांच्या डोळ्याने घरात फिरले. भिंतीला हात लावत, दाराची चौकट मोजत. मी समोर बसलो तर विचारायचे, "कोण आहे?" कूलर बंद ठेवला होता, वाऱ्याने डोळा कोरडा पडेल म्हणून, त्यामुळे घरात पहिल्यांदाच सगळं ऐकू येत होतं: नळ, साळुंक्या, आई रात्रीचं पीठ मळताना मध्येच थांबते ते. पाचव्या दिवशी सकाळी पट्टी बदलताना पापणीची फट झाली. इस्पितळात डॉक्टर बाईंनी ती हळूच उघडली, दिवा मारला, बराच वेळ बघितलं. ओरखडा होता, खोल नव्हता. "भर जाएगा," म्हणाल्या. बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "दाढी कर."

चौदा एप्रिलला घुमट नव्हता. टेबलावर नुसता फोटो, निळं कापड, मेणबत्त्या. नवा चष्मा यायचा होता, म्हणून पंधरा पानांचं भाषण मी वाचलं, एकही शब्द पदरचा न घालता, आणि लोकांना ते फार लांब वाटलं. बिष्ट अंकल पहिल्या रांगेत होते. ते पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट ऑफिसात सांगत राहिले, आणि त्यांच्या गोष्टीत घर उडायचं.

आता माझ्याही डोळ्यांत थेंब असतात, काचबिंदू वारशाने येतो. आमच्या फ्रिजच्या दारात त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायला मी परवानगी देत नाही. नात हसते, हसू दे.

पण इस्पितळातून दुसऱ्यांदा परतलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. थेंब परत सुरू करायचे होते. बाबा पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मिलिंद, तू घाल." मी फ्रिजमधून बाटली आणली, खिडकीपाशी उजेडात नेली, आणि तिच्यावरचं नाव, खालचं बारीक अक्षर, सगळं मोठ्याने वाचू लागलो. बाबांनी डोकं मागे टाकलं होतं. स्वतःच्या दोन बोटांनी त्यांनी तो लाल, केसांशिवायचा डोळा उघडून धरला होता.

"वाचत काय बसलास," ते म्हणाले. "घाल."